रावजीतात्यांचा रकाना

‘मजूर नको लिवू,’ रावजीतात्या म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातल्या टॅबवर सरळ पंजाच ठेवला.

पंजा केवढा! अख्खी स्क्रीन झाकली गेली. हात उचलला तेव्हा तात्यांच्या नावापुढे ‘व्यवसाय : मच्छीमार’ असं आलं होतं.

‘तात्या, तुम्ही मच्छीमार झालात.’

‘मी? मला होडीत बसलो की वकारी येते. काढ ता आदी.’

मी ते काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. शेतकरी-बागायतदार, मच्छीमार, मजूर, दुकानदार, नोकरी, इतर. यातलं एक निवडायचं. निवडल्याशिवाय टॅब पुढचं पान उघडत नाही, मग तुम्ही कितीही बोटं आपटा.

‘ह्यात पाडेली कुठं हाय?’

‘नाही आहे.’

‘नाय कसा? वादळात पडलं काय? माड. पोफळी. मंग त्यावर चढनारा कुठं गेला?’

असल्या प्रश्नापुढे गप्प बसण्याची सवय तेव्हा माझी गेली होती. कारण रत्नागिरीला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले होते. त्याआधी मी वर्गात हजेरीलासुद्धा इतकी हळू ‘हजर’ म्हणायचे की बाईंनी दोनदा माझी गैरहजेरी मांडली होती. स्पर्धेनंतर मात्र मला वाटायला लागलं की माझ्यापुढे माईक आहेच, फक्त तो इतरांना दिसत नाही.

म्हणून तर श्रद्धाताईंनी मला निवडलं. श्रद्धाताई संस्थेच्या. निसर्ग वादळ झालं त्याच आठवड्यात त्यांची संस्था ताडपत्र्या घेऊन आमच्या वेळशेतला आली होती. ताडपत्र्या वाटून बाकीचे गेले. ही संस्था पाच वर्षं झाली तरी गेलेली नाही. पहिल्या वर्षी संस्थेची यादी वेगळी आणि सरकारची वेगळी होती. त्यात काय झालं, एका घरात पत्रे दोनदा पोचले आणि चिमाआत्याकडे खिळासुद्धा नाही. म्हणून आता दोघांनी मिळून एकच यादी करायची ठरवलं. रोपं आणि खड्डे सरकारचे, तीन वर्षांची निगा संस्थेची. शाळेमागच्या जागेत रोपवाटिका निघणार, आणि वादळात ज्यांचं काम गेलं त्यांच्यातलेच चारजण तिथे कायमचे घेणार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नववीतल्या सहा मुली टॅब घेऊन घरोघर फिरत होतो, ती ही यादी.

‘एक लक्षात ठेवा,’ श्रद्धाताईंनी शिकवताना सांगितलं होतं, ‘होता होईतो इतर टाकू नका. इतर टाकलं की ती नोंद तपासायला वेगळी काढतात, मग ती अडकते.’

मला अडकवायचं नव्हतं. मला तात्यांना रोपवाटिकेत बसवायचं होतं.

कारण त्यांचं आणि हरिश्चंद्रदादाचं ठरलं होतं. हरिश्चंद्रदादा त्यांचा मुलगा, विरारला असतो, तिथेच एका औषधाच्या कंपनीत आहे. तात्यांची बायको, काकी, गेल्यापासून तो म्हणत होता, बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे या. तात्या म्हणत होते, हितं काम हाय मला. दादा म्हणाला, कुठलं काम? उभे माड राहिलेत किती? शेवटी असं ठरलं की शिमग्यापर्यंत तात्यांना गावात धड काम मिळालं तर ते राहतील. नाही मिळालं तर दादा शिमग्याला येईल तेव्हा परतताना बाबांना घेऊन जाईल. हे सगळ्या वाडीला माहीत होतं. आमच्याकडे कुणाचं काय ठरलंय ते सगळ्यांना माहीत असतंच.

‘मजूर लिहिलं तर काय होतं, तात्या?’ मी विचारलं. ‘आज मजूर लिहूया, उद्या रोपवाटिकेत काम.’

तात्या ओट्यावर बसले होते. ते बसले तरी तळपाय आत वळलेले असायचे, एकमेकांकडे तोंड करून. जन्मभर खोडाला धरून धरून ते तसेच राहिले होते.

‘मजूर म्हंजे दुसरा सांगल ता करनारा,’ ते म्हणाले. ‘मालक म्हनतो हितं खन, मजूर हितं खनतो. माज्या कामात मालक कुठं असतो? खाली. मान वर करून. मी वरनं वराडतो, बाजूला व्हा, तर तो बाजूला व्हतो. नारळाची कंची पेंड तयार, कंची र्‍हावंदे, ता मी ठरवनार. माडाला कीड लागली का, शेंडा कुजला का, ता मी सांगनार. तुज्या आज्याला विचार… आता कुठला विचारतस, गेला तो. पन तुज्या बापसाला विचार. मी सांगितल्याशिवाय तुमच्या वाडीतला एक माड तरी तोडला काय?’

ते खरंच होतं. आणि पोफळीच्या वाडीत तर त्यांना बघायला आम्ही शाळा सुटल्यावर धावत जायचो. तात्या पहिल्या पोफळीवर चढायचे आणि सुपारी पाडून झाली की खाली उतरायचेच नाहीत. तिथूनच झाड झुलवायचे, झुलवत झुलवत दुसरीचा शेंडा धरायचे आणि तिच्यावर जायचे. मग तिसरी. खाली आम्ही पोरं त्यांच्याबरोबर पुढे पुढे सरकायचो. अख्खी वाडी ओलांडून ते शेवटच्या झाडावरून उतरायचे आणि म्हणायचे, ‘जमिनीवर काय हाय? मुंग्या.’

त्या माणसाला मी मजूर लिहिणार होते!

‘तात्या,’ मी म्हटलं, ‘मी तुम्हाला बागायतदार लिहिते.’

ते हसायला लागले. ‘माज्याकडं बाग कुठली गो? चार गुंटे घराखालचे, ते पन बापसाच्या नावावर.’

‘गावातली सगळी बाग कुणी राखली मग? बागायतदार दादूकाकांनी?’

‘दादू!’ ते अजूनच हसले. ‘दादू वर बगायला लागला तर त्याची टोपी पडते.’

मी बागायतदार निवडलं. टॅबने विचारलं, बाधित झाडे किती. मी विचारलं, ‘वादळात पडली त्यातली तुम्ही किती झाडांवर चढायचात?’ तात्यांनी वाडीवाडीची नावं घेऊन बोटांवर मोजलं. तीनशे चाळीस. मी टाकलं तीनशे चाळीस. सातबारा क्रमांकाच्या जागी ‘उपलब्ध नाही’ टाकलं. हिरवी बरोबरची खूण आली.

‘झालं?’

‘झालं! आता तुम्ही बागायतदार.’

‘हात् तुज्या!’ म्हणत ते आत गेले आणि माझ्यासाठी शहाळं घेऊन आले. कोयतीचे तीन घाव, चौथा लागला नाही.

मी श्रद्धाताईंना काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. उलट मला वाटत होतं की आपण किती हुशार.

वादळ झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई मला घेऊन पलंगाखाली बसली होती. बाबा भिंतीला टेकून प्रत्येक धप्प आवाजाला झाडाचं नाव घेत होते. विहिरीवरचा गेला. गोठ्यामागचा गेला. पुढे पुढे त्यांनी नाव घेणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं तर समोर समुद्र. आमच्या घरातून समुद्र फक्त ऐकू यायचा, तो पहिल्यांदा दिसला. मी टाळ्या वाजवल्या. आईने माझा हात धरून खाली केला.

तेव्हा तात्या आले. रस्ता नव्हताच, सगळीकडे माड आडवे पडले होते. ते त्या आडव्या माडांवरून चालत आले, एकावरून दुसऱ्यावर, अनवाणी. प्रत्येक खोडावर जरा थांबत होते. बाबांनी विचारलं, ‘रावजी, घर?’ ते म्हणाले, ‘घराचं काय, ता उबं र्‍हायलं.’ मग त्यांनी आमची वाडी फिरून बघितली आणि आमच्या पायरीवर बसले. पुरुषमाणूस रडताना मी तोपर्यंत बघितला नव्हता.

त्यानंतर पंचनामे झाले. ज्याचे माड त्याच्या नावावर नोंद झाली, आणि ते बरोबरच होतं. तात्यांचा एकही माड नव्हता, म्हणून त्यांचं काहीच पडलं नव्हतं. कागदावर तरी.

संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात सभा झाली. तालुक्याहून कृषी खात्याचे ऋत्विक सर आले होते, तरुण आहेत, बोलायला चांगले. शेजारी श्रद्धाताई आणि सरपंच मनस्वीवहिनी. सगळा गाव सतरंजीवर. आम्ही सहा मुली पुढे, कारण आमचा सत्कार होणार होता. मी भाषणसुद्धा पाठ करून आले होते. तात्या खांबाला टेकून बसले होते, पांढरा सदरा घालून. बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

आमचे गुलाब वाटून झाले आणि ऋत्विक सरांनी यादी वाचायला घेतली. आधी पात्र. त्यात तात्या नव्हते. मला वाटलं, आडनावाप्रमाणे पुढे येईल. मग रोपवाटिकेची चार नावं आली. त्यातही नव्हते. मग सर म्हणाले, ‘आता अपात्र. कारणंही वाचतो, म्हणजे कुणाला शंका नको.’

दुसरंच नाव तात्यांचं होतं.

‘व्यवसाय बागायतदार. बाधित झाडे तीनशे चाळीस. सातबाऱ्यावर एकही झाड आढळत नाही. माहिती खोटी.’

आधी कुणाला कळलंच नाही. मग दादूकाका म्हणाले, ‘तीनशे चाळीस? रे रावज्या! चढता चढता माड नावावर केलेस काय रे?’

हशा झाला. मोठा. वाईट मनाने कुणी हसलं नाही, हे मी आजही सांगते, पण हसले सगळेच.

‘माजे साठ त्यातले परत दे हां,’ दादूकाका म्हणाले. पुन्हा हशा.

तात्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली, जणू चुकून बघितलं. मी केलं असं त्यांनी म्हणायला हवं होतं. मी वाट बघत होते की ते म्हणतील, म्हणजे मला उभं राहावं लागेल. ते म्हणाले नाहीत. रत्नागिरीत साडेतीनशे माणसांपुढे सात मिनिटं बोलले होते मी. इथे हातातला गुलाब फिरवत बसले. सर तिसरं नाव वाचून चौथ्यावर गेले तेव्हा कुठे मी उठले.

‘ते मी लिहिलं,’ मी म्हणाले. आवाज पूर्वीसारखा, हजेरीवेळचा. म्हणून परत म्हणावं लागलं. ‘सर, ते मी लिहिलं. तात्यांनी सांगितलं होतं बाग नाही म्हणून.’

श्रद्धाताईंनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘वेदिका, इतरमध्ये टाकायचं होतंस गं. पलीकडच्या गावात टॅब घेऊन फिरणाऱ्या शमिकाने माडाचे झाप विणणाऱ्या बाईंना इतरमध्ये टाकलं. अडकली नोंद दीड महिना. पण झाली.’

‘तुम्हीच म्हणालात…’

‘हो, मीच म्हणाले.’

ऋत्विक सरांनी यादी खाली ठेवली. ‘थांबा, यातून मार्ग आहे,’ ते म्हणाले. ‘इतरची मुदत संपली. पण वर्ग बदलता येतो, आज, इथेच. तात्या, तुम्ही एक जबाब लिहून द्या. माझी नोंद चुकीची झाली, मी मजूर आहे. खाली सही. आम्ही दोघं मिळून तो वर पाठवतो. ताई, तुमच्याकडे रोपवाटिकेत जागा होईल ना?’

‘आज होईल,’ श्रद्धाताई म्हणाल्या. ‘रोपवाटिकेतल्या चौथ्या नावाचं अजून नक्की नाही.’

मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसले. मनस्वीवहिनींनी स्वतः जबाब लिहिला, वाचून दाखवला, आणि पेन तात्यांपुढे धरलं. तात्यांनी ते घेतलं.

‘पाडेली लिवता येनार नाय?’ तात्यांनी विचारलं.

‘आमच्या यादीत तसा वर्ग नाही, तात्या.’

‘संस्थेच्या?’

‘यादी आता एकच आहे, तात्या,’ श्रद्धाताई म्हणाल्या.

तात्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, ‘माड कंचे लावनार?’

सरांना हा विषय आवडला. ‘बुटकी जात. चार वर्षांत धरते. वाऱ्यात तग धरते. आणि मुख्य म्हणजे उभ्याने हात वर करून नारळ काढता येतो. बायका काढतील, पोरं काढतील. चढायलाच नको! कुणी पडून मरायला नको.’

‘बरं हाय ता,’ तात्या म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. ‘माजा भाऊ पडूनच गेला. बरं हाय.’

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते कागदावर आडवं ठेवलं, आणि कागद दोन्ही हातांनी वहिनींकडे सरकवला.

‘चौथा जो असल त्याला घ्या,’ ते म्हणाले. ‘त्याला पोरंबाळं असतील.’

‘अहो तात्या, सहीच तर करायची!’ वहिनी म्हणाल्या. ‘नाव काहीही असो, काम तर तुमचंच ना!’

‘व्हय,’ तात्या म्हणाले. ‘पन बासट वर्सं झाली. आता सही करून दुसरा कोन व्हनार?’

ते उठले, सतरंजीच्या कडेने गेले, आणि चपला घालून घरी गेले. पुढची नावं वाचून झाली. माझं भाषण झालं नाही.

त्यानंतर मी सात वेळा त्यांच्या घरी गेले. दर वेळी कोरा कागद घेऊन. मी सही करा म्हणाले, रागावले, एकदा रडलेसुद्धा. बाबाही येऊन बोलले. तात्या सगळ्यांना चहा द्यायचे आणि विषय गाईगुरांवर न्यायचे. चौथी जागा भरली. शिमगा आला, पालखी आली, हरिश्चंद्रदादा आला.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा दादा पत्र्याची पेटी बांधत होता. तात्या ओट्यावर.

‘तात्या, माझ्यामुळे झालं.’

‘काय झालं?’

‘मी मजूर लिहिलं असतं तर तुम्ही राहिला असतात.’

‘मीच लिवू नको म्हनलो ना!’

‘मग बागायतदार लिहायला नको होतं.’

तात्यांनी आत बघितलं, दादा ऐकत नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाले, ‘तू म्हनालीस तवा मी तुला अडवायला हवा होता. नाय अडवला. मला गोड वाटलं गो. तीन म्हैने मी रोज सकाळी वाडीवाडीतनं फिरून यायचो. हात पाटीमागं बांदून. दादू फिरतो तसा.’

आणि ते हसले. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी डोळे पुसायला लागले.

‘रडतस कशाला? परीक्षेला रड. अब्यास कर. आनि ऐक, तुमच्या वाडीत त्या सायबानं चुन्याच्या रेगा मारल्यान ना, विहिरीकडच्या दोन खड्ड्यांत रोप लावू नका. पानी थांबतं तिथं. मी तुज्या बापसाला दावलंय, पन तो सायबाला भितो. तू सांग. तुला बोलाय येतं.’

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गेले. खिडकीत बसले होते, पेटी मांडीवर. गाडी वळली तेव्हा त्यांनी मान खाली करून खिडकीतून वर बघितलं, वर काही नव्हतं तरी.

जूनमध्ये रोपं आली. मी ऋत्विक सरांना त्या दोन खड्ड्यांबद्दल सांगितलं. हळू नाही, नीट सांगितलं. त्यांनी खड्डे हलवले आणि विचारलं, ‘कुणी सांगितलं तुला?’ मी म्हटलं, ‘रावजी पाडेली यांनी.’ सर वहीत काहीतरी लिहायला लागले, मग थांबले, आणि वही मिटून म्हणाले, ‘बरोबर सांगितलं.’

ऑगस्टमध्ये मी तात्यांना फोन केला. संध्याकाळ होती. त्यांच्या मागे गाड्यांचे हॉर्न, कुठेतरी भाजीवाला ओरडत होता.

‘तात्या, रोपं लागली सगळी! एक मेलं नाही!’

‘केवडी झाली?’

‘माझ्या गुडघ्याएवढी.’

‘मंग बरी हायत. आळ्यात गवत होऊ देऊ नका. काय गो, आवस बरी?’

‘आई बरी आहे. तुम्ही कुठे आहात?’

‘भाजी आनायला खाली आल्तो. आता वर जातोय. चवता माळा.’

‘लिफ्ट आहे ना?’

‘हाय की. पन मी चढूनच जातो.’

फोन त्यांनी तसाच कानाला धरला होता. चपलांचा आवाज येत होता. एका संथ लयीत पायऱ्या वर चालल्या होत्या. श्वास जरा मोठा झाला, पण लय चुकली नाही. मग आवाज थांबला.

‘पोचलात?’ मी विचारलं.

‘पोचलो.’

‘काय दिसतं तिथून?’

भाजीची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘दार,’ ते म्हणाले. आणि मला पलीकडे बेल वाजलेली ऐकू आली.